तेवीस किलो, बारदानासकट

नाथाच्या टाकळीची माणसं सात-आठ वर्षांपूर्वी टेम्पो करून हिवरे बाजार बघायला गेली होती. तिथलं पाणी बघून त्यांचे डोळे दिपले, तिथली ग्रामसभा बघून तर ती वेडीच होऊन परत आली. टाकळीत पाणी अडायचं तेवढं अडलं, पण ग्रामसभा मात्र तेव्हापासून कुणाला अडेना. बोअर घ्यायची का नाही, ऊस लावायचा का नाही, इथपर्यंत ठीक होतं. पुढे कुणाच्या म्हशीला कुठला रेडा, यावरही हात वर व्हायला लागले. तेव्हा विजयमालाची विमानाची बॅग कशी भरायची हे ग्रामसभेत ठरणार, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. एकट्या विजयमालाला वाटलं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

विजयमाला चालली होती जर्मनीला, लेकीच्या बाळंतपणाला. पंकजाला आठवा संपत आला होता. चार वर्षं झाली होती पोरीला बघून. म्हणजे मोबाईलवर रोज दिसायची, पण मोबाईल काही पोटाशी धरता येत नाही.

आणि धरायचं राहून गेलं होतं, हेच तर विजयमालाचं दुखणं होतं. चार वर्षांपूर्वी पंकजा निघाली तेव्हा ऐन विमानतळाच्या दारात तिच्या बॅगेची चेन तुटली. विजयमाला खाली बसली आणि कांद्याची गोणी शिवावी तशी सुतळीने बॅग शिवायला लागली. शेवटची गाठ मारून मान वर केली, तर उशीर झाला म्हणून बंदूकवाल्याने पोरीला आत पिटाळलेलं. बॅगही गेली, पोरगीही गेली. विजयमालाच्या हातात सुतळी राहिली. त्या सुतळीचा गुंडा तिने अजून देवळीत ठेवला होता. आता हात मोकळे ठेवूनच जायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

पण गावाची रीत आडवी आली. टाकळीची लेक बाळंत होणार असली की घरटी काहीतरी जातं. मूठभर अळीव, वाटीभर डिंक, काहीतरी. लेक राजूरला असो का जर्मनीला, रीत ती रीत.

"एकेचाळीस घरं," सरपंच सूर्यभान म्हणाला. "तेवीस किलोची परवानगी. घरटी अर्धा किलो धरला तर साडेवीस झालं. ऱ्हायलं अडीच. ते वहिनींच्या लुगड्यापातळाला."

सगळ्यांनी हात वर केले. हातात घ्यायच्या पिशवीची सात किलोंची परवानगी वेगळी होती, पण तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. ती राहुरीहून विहीणबाईंनी भरून पाठवली होती, तोंड शिवून आणि वर लाख लावून. विहिणीची लाख फोडायची हिंमत अख्ख्या तालुक्यात कुणाची नव्हती.

दूध डेअरीच्या काट्यावर माल घ्यायचं ठरलं. डेअरीचा सेक्रेटरी कानिफनाथ सकाळचं दूध उरकून बसला आणि लोकांची रांग लागली. कुरडया आल्या, खारोड्या आल्या, बाळंतशेपा, सुंठ, शेंगदाण्याची चटणी. कानिफनाथ इतका नियमाचा माणूस की कुरडयांचीही पावती फाडायचा. फॅटचा रकाना तेवढा मोकळा सोडायचा. कडूबाई लोणच्याची बरणी घेऊन आली.

"ही दुबईच्या भाच्याला," ती म्हणाली. "इमान दुबईवरनंच जातंय न्हवं? वाईच थांबवून द्यायची."

"कडूआत्या, ती यष्टी न्हाई," कानिफनाथ म्हणाला.

"मंग काय हात केला तर थांबत न्हाई व्हय? एवढं पैसं घेऊन?"

बरणी चारशे ऐंशी ग्रॅम भरली. नियमात बसत होती, म्हणून घेतली.

बॅग भरली विजयमालाचे मालक गहिनीनाथ यांनी. तीस वर्षं कांद्याच्या गोण्या भरलेला माणूस. एक कुरडई मोडू न देता त्यांनी माल बसवला. मग बॅग काट्यावर चढवली. काटा म्हणाला, सत्तावीस किलो शंभर ग्रॅम.

विजयमालाने आकडा दोनदा वाचला. "आवो, चार किलो जास्तीय!"

"जास्ती कुटं?" गहिनीनाथ हसले. "ती बॅग हाय चार किलो शंभरची. बारदान! बारदान वजा जातंच की. मार्केटात गोणीचं वजन कदी मालात धरत्यात का?"

मार्केटात गोणी वजा होते, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं मोठं विमान चालवणारी माणसं बारदान वजा करत नसतील, हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी पंकजाचा फोन आला. गहिनीनाथांनी मोठ्या ऐटीत वजन सांगितलं.

"नाना, बॅगेसकट तेवीस," पंकजा म्हणाली. "बॅगपन त्यातच धरत्यात. आनि मी सांगते, काहीच आनू नका. आईला तेवढी पाठवा."

"बारदान मालात धरत्यात?" गहिनीनाथांचा आवाज फाटला. "आगं, ही तर सरळ सरळ लूट हाय!"

दुसऱ्या दिवशी तातडीची ग्रामसभा. आठ दिवसांवर विमान आणि चार किलो शंभर ग्रॅम माल वरचा. कुणाचा काढायचा? प्रत्येकाला दुसऱ्याचा काढावा असं वाटत होतं. सुंठवाले म्हणाले खारोड्या काढा, खारोडीवाले म्हणाले जर्मनीत सुंठ मिळत असेल. दोन सख्खे भाऊ अळिवावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तेवढ्यात कानिफनाथ उभा राहिला.

"मला एक सांगा," तो म्हणाला, "बॅग मोजत्यात. पिशवी मोजत्यात. मानूस मोजत्यात का?"

फोन लावून विचारलं. माणूस मोजत नाहीत.

सभेत मागे बसलेलेही पुढे सरकले.

"म्हंजी बारीक मानूस आन् जाड मानूस, एकच भाव?" सूर्यभानाने विचारलं.

"एकच."

"मंग वहिनींच्या अंगावर कितीबी माल गेला तरी चालतोय!"

कानिफनाथाची बायको धनश्री ब्लाऊज शिवायची. तिने दोन दिवस मशीन बडवून पोत्याच्या जाड कापडाचं एक जाकीट शिवलं. पुढे बारा खिसे, मागे दहा, बाह्यांना तीन-तीन, आणि वरून खाली अकरा गुंड्या. ग्रामसभेने चार किलो शंभर ग्रॅमसाठी जाकीट मंजूर केलं होतं, पण खिसे दिसल्यावर माणसाला राहवतं होय? बघता बघता जाकिटात चौदा किलो माल गेला. दोन बायकांनी धरून विजयमालाला त्यात घातलं आणि गुंड्या लावल्या, तेव्हा ती गावातल्या पाण्याच्या टाकीला सख्खी बहीण शोभत होती.

"बसून बघ," गहिनीनाथ म्हणाले.

विजयमाला बसली नाही. बसताच येईना. दोघांनी तिला खुर्चीवर टेकवली तर ती पाटासारखी तिरपी उभी राहिली आणि कुठल्यातरी खिशात कुरडया कडाकडा मोडल्या.

"नऊ तास हुबी ऱ्हाईल," सूर्यभान म्हणाला. "खुरप्याला दिसभर वाकतीच की."

कडूबाईच्या मात्र जुन्या डोक्यात काहीतरी आलं. ती घरातून तीन किलोचं डांगर, अख्खा तांबडा भोपळा, घेऊन आली.

"विजे, ह्ये बाळ समज," म्हणाली. "घे बघू."

विजयमालाने हात पुढे केले. कोपर वाकेनात. दोन हात ओंडक्यासारखे समोर आले आणि त्यांच्यात वीतभर अंतर तसंच राहिलं. डांगर त्या अंतरातून सरळ खाली गेलं आणि सभेसमोर फुटलं. कुणीतरी हसलं. विजयमालाला हसू आलं नाही. तिने पुन्हा एकदा, काहीच न घेता, नुसते हात जवळ आणून बघितले. बोटांना बोटं भेटेनात. मग डांगराचं राहिलं बाजूला, तिला देवळीतला सुतळीचा गुंडाच दिसायला लागला.

"मला ह्ये न्हाई घालायचं," ती म्हणाली.

सूर्यभान सरपंच असला तरी माणूस वाईट नव्हता. त्याचं एकच होतं, नियम. "वहिनी, ठराव मांडतो. जाकीट घालून जायचं. बाजूनं कोन?"

हात वर झाले. गहिनीनाथांचा अर्धाच झाला, पण झाला.

"इरोधात कोन?"

विजयमालाने हात वर करायचा प्रयत्न केला. बाहीत दीड किलो शेंगदाणे होते. हात कमरेच्या वर येईना. तिने दुसरा करून पाहिला. त्या बाहीत बाळंतशेपा होती. तिचं तोंड लाल झालं.

"हात वर होईना माजा! पन मी इरोधात हाय, ऐका की!"

"नियम हाताचा हाय वहिनी, तोंडाचा न्हाई," सूर्यभान म्हणाला आणि त्याने वहीत लिहिलं, ठराव एकमताने मंजूर.

मग विजयमाला जे म्हणाली ते टाकळीने त्याआधी कधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "धनश्री, गुंड्या काढ," ती म्हणाली, आणि ते असं म्हणाली की धनश्रीने सरपंचाकडे बघितलंही नाही. अकरा गुंड्या सुटल्या. विजयमाला जाकिटातून मागच्या मागे बाहेर आली. जाकीट पडलं नाही. चौदा किलो मालाच्या जोरावर ते तसंच सभेत उभं राहिलं, हात पुढे करून.

विजयमालाने दोन्ही हात वर केले.

"आता मोजा," ती म्हणाली. "मागल्या बारीला मी गोनी शिवत बसले आन् पोरगी गेली. चार वर्सं झाली, माज्या हातास्नी ते इसरत न्हाई. तुमचा माल काय, उंद्या पार्सलनं जाईल. माजी लेक पोटुशी हाय. तिला धरायला मला हात लागत्यात. हात न्हेऊ द्या मला. तेवडंच मागते."

गहिनीनाथ खाली बघत राहिले. मग त्यांनी फुटलेल्या डांगराच्या फोडी उगीचच गोळा करायला घेतल्या आणि त्यांच्या नाकाचा आवाज यायला लागला.

शेवटी कानिफनाथाने कानावरची पेन्सिल काढली. "सरपंच," तो म्हणाला, "बारदान चार किलो शंभर. घरं एकेचाळीस. घरटी शंभर ग्रॅम कमी केलं, तर झालंच की."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. इतकं सोपं गणित इतके दिवस कुणाला का सुचलं नाही, हे विचारायची टाकळीत पद्धत नाही.

"बारदान गावानं सोसायचं," सूर्यभानाने ठराव मांडला. "बाजूनं कोन?"

सगळे हात वर गेले. विजयमालाचे तर खाली आलेच नव्हते. जाकिटाचं काय लिहायचं, असं सूर्यभानाने विचारलं आणि मग स्वतःच लिहिलं, हजर, पण तटस्थ. हल्ली ते गहिनीनाथांच्या ज्वारीत उभं असतं. पाखरं फिरकत नाहीत.

ठरल्या दिवशी विजयमाला विमानात बसली, तीही नीट मांडी घालून. कडूबाईची बरणी चारशे ग्रॅमच्या नव्या नियमात बसेना म्हणून मागेच राहिली होती आणि तिच्याऐवजी खारोड्या आल्या होत्या, त्यामुळे दुबईवर विमान थांबवायचा प्रश्न आला नाही. काट्यावर बॅग बरोबर तेवीस भरली, तेव्हा तिला कानिफनाथाचा अभिमान वाटला.

तिकडे उतरली तर काचेच्या दाराबाहेर बर्फ पडत होता. गर्दीत एक पोरगी उभी होती, गुडघ्यापर्यंतच्या जाडजूड कोटात, पुढून ही एवढी. विजयमालाने सामानाची गाडी होती तिथेच सोडली. गाडी आपली आपण चालायला लागली. विहीणबाईंची लाख लावलेली पिशवी वर डुलत होती. जावईबापू गाडी धरायला धावले. विजयमालाने वळूनही पाहिलं नाही.

तिने पंकजाला दोन्ही हातांनी कवळा घातला. गच्च घातला. पण पाठीमागे बोटांना बोटं काही भेटेनात.

"आई, आगं रडतीस काय? आली न्हवं तू?"

"आधी ह्ये बारदान काढ," विजयमाला म्हणाली.

पंकजा रडता रडता हसायला लागली आणि तिथेच, सगळ्या जर्मनीदेखत, तिने कोटाच्या गुंड्या सोडल्या. कोट खाली पडला. विजयमालाने पुन्हा हात घातले. तरी बोटं चार अंगुळं कमीच पडली. पण आता मध्ये होतं ते बारदान नव्हतं. आतून एक लाथ बसली, तिला आणि पंकजाला एकदमच, आणि विजयमालाने हात सोडले नाहीत.