माझं आडवं लाकूड

मी क्रूस बोलतोय. देवळातला चकचकीत पितळी नव्हे बरं का! मी कोल्हारजवळच्या वस्तीवरचा, बाभळीचा, चांगला ओबडधोबड. माझं आडवं लाकूड म्हणजे जुनं बैलांचं जू. ते एका खुंटीनं उभ्यात अडकवलंय.

मला करून घेतलं झुंबरबाईंनी. त्या दर रविवारी मुलांना शिकवायच्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी रोज एकेका घरी मुक्कामाला असायचो. संध्याकाळी बाई पोराबाळांना जवळ बसवून सांगायच्या, "उभं लाकूड देवाकडं, आडवं शेजाऱ्याकडं. दोन्ही जोडायला येशूनं जीव दिला." सकाळी घरच्या कर्त्यानं मला खांद्यावरून पुढच्या घरी पोचवायचं, अशी रीत.

एकोणीसशे त्र्याण्णव साली मी पुंजारामकडे होतो. पुढचं घर त्याच्या सख्ख्या भावाचं, गोरक्षचं. पाटाच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. त्यांची आई बनुबाई गोरक्षकडे अंथरुणाला खिळलेली. थोरला पोरगा एकदा दारात दिसावा, एवढीच म्हातारीची आस.

सकाळी पुंजाराम म्हणाला, "मी न्हाई त्याच्या दारात जायचा. बांधावर ठेवतो, त्याचा तो नेईल."



तेवढ्यात त्याची लेक सलोमी पुढं झाली. तिनं माझी खुंटी उपटली, आडवं लाकूड कोपऱ्यात ठेवलं आणि उभं बापाच्या हातात दिलं.

"अगं, क्रूस मोडला का काय?"

"न्हाई आबा. चुलत्याकडं जायचंच न्हाई, तर आडवं कशाला? एवढंच ठेवा बांधावर."

पुंजाराम हातातल्या लाकडाकडं बघतच राहिला. "ह्यो तर नुसता गुरं बांधायचा खुंटा झाला की गं!"

मग त्यानंच आडवं लाकूड आणून खुंटी ठोकली, मला खांद्यावर घेतलं आणि तडक निघाला. गोरक्ष दारातच उभा होता. पुढं होऊन त्यानं माझं दुसरं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. जू होतो तेव्हा बैल जोडले, पण भाऊ पहिल्यांदाच! आतून म्हातारीचा आवाज आला, "पुंजा, आलास व्हय रं?" पुंजाराम ढसाढसा रडला.

आता मी प्रार्थनेच्या खोलीत भिंतीला टेकून असतो. झुंबरबाईंचे, सलोमीचे, त्या बाभळीचेसुद्धा उपकार फेडायचे कसे? देवा, तुझी लई कृपा!

मुलांनो, मला हार घाला, न घाला. जाता-येता माझी खुंटी मात्र चाचपत जा. ढिली वाटली तर आधी ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरी जाऊन या, मग ठोका.