मायोंनी निवडलेला शेजार

गाडीत आम्ही तिघं होतो. मी चालवत होतो, शेजारी घरांचा दलाल हाम्वींगा, आणि मागच्या सीटवर माझ्या सासूबाई. सगळे त्यांना मायो म्हणतात, म्हणजे आई. डोक्यावरून चितेंगेचं कापड ओढून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नजरानजर नको म्हणून मी मधला आरसा छताकडे वळवून ठेवला होता, त्यामुळे मागून येणारी एकही गाडी मला दिसत नव्हती.

आम्हा बेम्बा लोकांत जावई आणि सासू एकमेकांशी बोलत नाहीत. त्यात भांडण काही नसतं, मान असतो. मग एके दिवशी सासरच्या बायका हंड्या भरभरून स्वयंपाक घेऊन येतात, जावयाला 'आत घेतात', आणि त्या दिवसापासून बोलणं सुरू होतं. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मला अजून आत घेतलेलं नव्हतं. आधी मायोंचे भाऊ वारले, मग दोन वर्षं मक्याचं पीक गेलं, आणि मग आमची लोम्बे जन्मली. लोम्बेनंतर घरात कुणाला हंड्यांची आठवणच राहिली नाही.

लोम्बेला सिकलसेल आहे. सहा वर्षांची पोर, पण दुखायला लागलं की हातापायांची हाडं धरून म्हातारीसारखी कण्हते. तेव्हा तासाभरात दवाखाना गाठला तर ठीक, नाहीतर बघवत नाही. आमच्या मुफुलिरातल्या डॉक्टरांनीच सांगितलं, राजधानीत लुसाकाला जा, तिथं याचे खास डॉक्टर आहेत. माझी बायको मालामा शिक्षिका, तिची बदली झाली. मी ट्रक चालवतो. तांबं घेऊन दार-एस-सलामला जायचं नि यायचं, अठरा-अठरा दिवस घर दिसत नाही. त्या आठवड्यात मालामा लुसाकाच्या दवाखान्यात लोम्बेजवळ होती, आणि घर शोधायला माझ्याकडे तीन दिवस होते.

"तू एकटा गेलास तर फरश्या बघून येशील," मालामा म्हणाली. "आईला घेऊन जा."

"आणि बोलायचं कसं?"

"दलाल कशाला असतो?"

बिचारा हाम्वींगा. पन्नाशीचा, टोंगा जमातीचा माणूस, इस्त्रीचा कोट घालून आला होता. पहिल्या सिग्नलला मी त्याला म्हटलं, "मायोंना विचारा, खिडकी बंद करू का?" त्यानं माझ्याकडे बघितलं, मागं बघितलं.

"अहो, त्या इथंच बसल्यात. त्यांना ऐकू गेलंय."

"तरी विचारा."

त्यानं विचारलं. मायो म्हणाल्या, "त्यांना सांगा, असू दे उघडी." हाम्वींगानं मला सांगितलं, असू दे उघडी. दुपारपर्यंत त्याचा घसा बसला.

पहिलं घर शहराच्या कडेला, नव्या वसाहतीत. काय सांगू, मी तर बघताक्षणी प्रेमात पडलो. गुळगुळीत फरशी, दोन न्हाणीघरं, अंगणात स्वतःची विहीर, चारी बाजूंनी उंच भिंत आणि भिंतीवर विजेची तार. मी नळ सोडून बघत होतो, कपाटं उघडून बघत होतो. मायो कुठं दिसेनात.

बाहेर येऊन बघतो तर त्या रस्त्यावर. एकेका फाटकासमोर उभ्या राहून हाक देत होत्या, "ओडी! ओडी!"

ही आमची दारातली हाक. येऊ का, असं विचारणारी. ओडी म्हटलं की आतून 'कालिबु', म्हणजे या, असं उत्तर यायला हवं, मग पाऊल आत टाकायचं. पहिल्या फाटकातून कुत्रा भुंकला. दुसऱ्या फाटकातून दोन कुत्रे भुंकले. तिसऱ्याच्या भिंतीतल्या डबीतून एक बाई बोलली, "कोणाकडे काम आहे?" मायो त्या डबीला म्हणाल्या, "काम नाही गं, तहान लागलीये." डबी गप्प झाली. थोड्या वेळानं राखणदारानं फाटकाच्या फटीतून पाण्याचा पेला पुढं केला आणि पेला परत मिळेपर्यंत तो फटीतच डोळा लावून उभा राहिला.

गाडीत बसल्यावर मायो हाम्वींगाला म्हणाल्या, "त्यांना सांगा, घर फार छान आहे. शेजार मात्र दाखवला नाही कुणी."

दुसऱ्या दिवशीचं घर पाहून मला वाटलं, आता तरी जमलं. इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि दवाखाना तिथून सात मिनिटांवर. मी स्वतः घड्याळ लावून गेलो होतो, सात मिनिटं! मायो वर चढल्याच नाहीत. खाली रखवालदाराच्या बाकावर टेकल्या नि त्याला विचारलं, "बाळा, इथं शेवटचं कोण गेलं?"

"म्हणजे घर सोडून?"

"जग सोडून."

रखवालदारानं डोकं खाजवलं. "तिसऱ्या मजल्यावरचे एक काका गेले मागच्या वर्षी. पण काही गडबड झाली नाही हं. आम्हाला तर तिसऱ्या दिवशी कळलं."

त्यानं हे कौतुकानं सांगितलं होतं. मायो गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या.

माझं डोकं सणकलं. माझा ट्रक परवा निघणार होता, आणि या बाई मयताच्या चौकशा करत फिरत होत्या. मी हाम्वींगाला ओरडूनच म्हटलं, "सांगा त्यांना, इथून दवाखाना सात मिनिटांवर आहे! सात!"

"मायो, इथून दवाखाना सात—"

"ऐकलं मी. त्यांना विचारा, सात मिनिटं पायी की गाडीनं?"

"गाडीनं," मी म्हणालो.

"मग विचारा, गाडी चालवणार कोण? ते तर टांझानियात असतील."

हाम्वींगानं माझ्याकडे तोंड वळवलं, पण हा निरोप काही त्याच्यानं पोचवला गेला नाही. रविवारी मायो मुफुलिराला परत जाणार होत्या, तिकडे त्यांचं शेत नि आंधळे झालेले माझे सासरे होते. मग इथं मालामा, लोम्बे, आणि आम्ही निवडू ती भिंत.

तिसऱ्या दिवशी हाम्वींगानं आम्हाला चिलेंजेला नेलं. जुनी वस्ती, बैठी घरं, मध्ये भिंती नाहीत, मेंदीसारखी कापलेली झुडपं. घर बघून मी कपाळाला हात लावला. पायरीला भेग, छपराचा पत्रा एका कोपऱ्यात वर आलेला, न्हाणीघराचं दार लागेना. दवाखाना पंचवीस मिनिटांवर. शेजारच्या अंगणात आंब्याखाली एक ऐसपैस बाई उखळात शेंगदाणे कुटत होती.

"ओडी!" मायोंनी कुंपणावरून हाक दिली.

"कालिबु!" बाईनं मुसळ थांबवलं आणि मायोंच्या बोलण्याचा हेल ओळखून डोळे बारीक केले. "अगं बाई, बेम्बा वाटतं! थोको, ए थोको, आंब्यावर बघ गं एखादं माकड आहे का! पाहुणी उपाशी आलीये."

मायोंनी कमरेवर हात ठेवले. "माकडाचं मी बघीन. तुझ्या उखळात काय आहे ते सांग. शेंगदाणे, की उंदराच्या शेपट्या? एन्गोनीच ना तू?"

"अस्सल! शेपट्या काल संपल्या. काल आली असतीस तर दिली असती एक, तुझ्या तोंडात दात नाहीत, चघळायला बरी."

"दात नाहीत? तुझा पणजा आमच्याशी लढायला आला तेव्हा पळताना ढाल टाकून गेला. तिच्यावर आम्ही अजून कसावा वाळत घालतो. हवी तर घेऊन जा."

"ढाल नव्हती ती, झाकणी होती! तुम्हाला लढाईतलं काय कळतं!"

ती थोकोची आई हसता हसता उखळावरच बसली. मायो कुंपणातून आत गेल्या. दोघींचं बराच वेळ चाललं होतं, मध्येच शिव्या, मध्येच कुजबुज. एकदा मायोंनी हातानं लोम्बेची उंची दाखवली, मग आपलं कोपर आणि गुडघा दाखवला. ती बाई हसायची थांबली, आणि मग पुन्हा काहीतरी बोलली, तशी मायोंनी चितेंगेनं डोळे पुसले.

परत येऊन त्या हाम्वींगाला म्हणाल्या, "त्यांना सांगा, हे घर."

हे नातं मला माहीत नव्हतं असं नाही. बेम्बा आणि एन्गोनी एकमेकांचे चिंबुया, म्हणजे थट्टेचे सोयरे. दीड-दोनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज लढले, आणि आता आम्ही एकमेकांना माकडखाऊ, उंदीरखाऊ, तोंडाला येईल ते बोलतो, रागवायचं कुणी नाही. पण मला वाटलं, म्हातारीला थट्टेला जोडीदारीण मिळाली म्हणून ती भेगाळलेलं घर पसंत करतेय. मी तसं बोलूनही गेलो. "सांगा त्यांना, मस्करीनं पोरीची हाडं दुखायची थांबत नाहीत."

हाम्वींगानं मान खाली घातली. "हे मी सांगणार नाही, साहेब."

सांगायची गरजच नव्हती. मायो खिडकीबाहेर बघत, सावकाश, जणू त्या आंब्याला ऐकवत होत्या. "त्यांना सांगा, शेजारीण कधी हो म्हणते, कधी नाही म्हणते. तिचं चुकत नाही, तिलाही घरदार असतं. चिंबुयाला नाही म्हणता येत नाही. आमच्या घरात कुणी गेलं तर खड्डा ती खणणार, चूल ती पेटवणार, वर शिव्या देणार. मी तिला सांगितलं, माझी नात आजारी असते. ती म्हणाली, पाठव तुझ्या माकडखाऊ नातीला, मी तिला उंदीर खायला शिकवते. म्हणजे काय म्हणाली, ते त्यांना कळलं का विचारा."

मला कळलं होतं, पण पटलं नव्हतं. मी मालामाला फोन लावला. ती म्हणाली, "आई म्हणेल ते." मी पत्रा ठोकला, पायरी लिंपली, न्हाणीघराला कडी बसवली, आणि ट्रक घेऊन निघालो. पार नाकोंडेच्या सरहद्दीपर्यंत मी त्या सात मिनिटांचा हिशोब करत सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

ही मार्चमधली गोष्ट. मेमध्ये मी तिसऱ्या खेपेला नाकोंडेच्या रांगेत उभा होतो. दुपारचे दोन वाजले असतील. मालामाचा फोन आला. ती रडत होती.

"बरी आहे," ती आधी म्हणाली. "आता बरी आहे. ऐक."

लोम्बेची शाळा सकाळच्या पाळीची, साडेनऊला सुटते. मालामा येईपर्यंत ती थोकोच्या आईकडे शेंगा फोडत बसते. आज शेंगा फोडताना तिनं एकदम छाती धरली. या वेळी हाडं नव्हती, श्वासच पुरेना. थोकोच्या आईनं तिला पाठीवर घेतलं, चितेंगेनं बांधलं, आणि अंगावर पिठाचे डाग तसेच ठेवून ती भर रस्त्यात मिनीबससमोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, बाई, दवाखाना आमच्या वाटेवर नाही. बस भरलेली, लोक कामावर निघालेले. तेवढ्यात दारातल्या कंडक्टरनं बेम्बात काहीतरी म्हटलं, आणि बाईनं ते पकडलं.

"माकडखाऊ! तूच! माझ्या पाठीवर तुमच्यातलंच पिल्लू आहे, आणि तू मला वाट शिकवतोस? वळव गाडी, नाहीतर तुझ्या मयताला मी येणार नाही, तुला उघड्यावर टाकतील!"

कंडक्टरनं ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "वळव रे. चिंबुया आहे, मला सुटका नाही." आणि अख्खी बस, तिच्यातल्या वीसेक माणसांसकट, दवाखान्याच्या दारात जाऊन थांबली. एकही माणूस आधी उतरला नाही म्हणे.

"डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत," मालामा म्हणाली. "मी वर्गात होते रे. फोन बाकावर होता. मला तर पाऊण तासानं कळलं."

मग फोनवर मोठा आवाज आला. "ए ट्रकवाल्या! तुझी पोर झोपलीये. रडू नकोस, समोर बघून चालव. बेम्बांना एक तर गाडी चालवता येते, नाही तर रडता येतं."

मी रडतच होतो. भर रांगेत, मागचे भोंगे वाजवत होते. ट्रक कडेला घेतला नि खाली उतरून चाकाला टेकून बसलो. ते सात मिनिटांचं घर आठवलं. ती गुळगुळीत फरशी आठवली, तिच्यावर माझी लोम्बे, आणि बाहेर कुत्रे. तीन दिवसांत मी भिंती मोजल्या होत्या. शाळा न शिकलेल्या त्या म्हातारीनं एका हाकेत माणसं मोजली होती. उभ्या लुसाकात तिच्याइतकं शहाणं मला कुणी भेटलेलं नाही, आणि मी तिला हे सांगू शकत नव्हतो.

तरी मी मुफुलिराला फोन लावला. एरवी फोन सासरे घेतात. त्या दिवशी पलीकडे कुणी बोललंच नाही. कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि श्वास. मला कळलं, मायो आहेत. त्यांनाही कळलं होतं, मी आहे. हाम्वींगा नव्हता. काय बोलणार? आभार मानायचा अधिकार नाही, माफी मागायचा नाही.

मग माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. तो बोलायला परवानगी लागत नाही, तो परवानगी मागायचाच शब्द आहे.

"ओडी," मी म्हणालो.

कोंबड्या ओरडत राहिल्या. मला वाटलं, फोन ठेवला त्यांनी.

"कालिबु," मायो म्हणाल्या. "या आत, लोम्बेचे बाबा. नऊ वर्षं झाली, दारात उभे आहात."