रंगांचं चाक

माझा भाऊ ऋषिकेश रसायनीच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करतो. त्यामुळे कुठलीही वस्तू आतून कशी चालते हे कळल्याशिवाय ती घरात आणायची नाही, असा त्याचा बाणा. प्रोजेक्टर घ्यायचं ठरल्यापासून तर त्यानं माझं डोकं खाल्लं. डीएलपी घेऊ की एलसीडी? मी शेलूला सासरी, फोडणी करपायला आलेली, आणि हा फोनवर सांगतोय की एका मशीनमध्ये रंगांचं चाक असतं. ते लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक फेकतं, इतक्या झपाट्यानं की डोळ्याला सगळं मिळून एकच चित्र वाटतं. दुसऱ्यात चाक नाही, तीन काचा आहेत. तिन्ही रंग एकदम पडतात. म्हणे चाकवाल्यात अंधार खरा काळा दिसतो, काचवाल्यात जरा राखाडी.

"अरे, आण ना कुठलंतरी एक," मी म्हटलं. "लग्नाला मुलगी बघतोयस काय?"

"अंधार काळाच पायजे, ताई. जगूच्या सगळ्या मॅची फ्लडलाइटमधल्या हायत."

मी गॅस बंद केला.

जगदीश आमचा धाकटा. गेल्या वर्षी हायवेवर अपघात झाला आणि तो गेला. बाबा त्याच्या आधीच गेले होते. कर्जत-खालापूरकडच्या गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत जगू खेळायचा. हल्ली त्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात, आणि तिथे त्या तशाच राहतात. तिथे जगू अजून धावतो. पण मोबाइलवर तो मुंगीएवढा. त्यातला आपला पोरगा कुठला, हेच आईला कळायचं नाही. म्हणून वरच्या मजल्यावरच्या जगूच्या खोलीतच भिंतीवर मोठं चित्र पाडायचं, असं ऋषीनं ठरवलं.

पण आई त्या खोलीत जाईल तर ना. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नव्हता. ऋषी नदीकाठी हात जोडून एकेक कबूल करत होता. आईला सांभाळीन, तुझी बॅट कुणाला देणार नाही, तुझ्या टीमला जर्सी घेऊन देईन. कावळे समोरच्या झाडावर बसून बघत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. आई मात्र तिथेच राहिली, असं म्हटलं तरी चालेल. "माझा पोरगा अडकलाय गं," एवढंच म्हणायची. वर्षभर ती जिना चढली नाही, आणि जेवायची ती चार घास, तेही कुणी समोर बसलं तर. तिला पुन्हा नीट जेवताना बघायचं, एवढंच आम्हा दोघांना हवं होतं.

खोपोलीच्या दुकानदारानं ओळखीखातर दोन्ही मशीनं वापरून बघायला दिली. मी चार दिवसांची सुट्टी घेऊन माहेरी आले. भर दुपारी खिडक्यांना गोधड्या टांगून ऋषीनं चाकवालं मशीन सुरू केलं. मी आईचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच वर आणलं.

भिंतभर काळोख, त्यात दिव्यांखाली मैदान, आणि सीमारेषेवरून पांढऱ्या जर्सीत धावत येणारा जगू. पुरुषभर उंच. आईनं तोंडाला पदर लावला. चेंडू जिकडे जाईल तिकडे जाऊ दे, ती फक्त त्याच्याकडे बघत होती.

"त्याच्या भवती रंग हायत," ती एकदम म्हणाली.

"कसले रंग, आई?"

"लाल, हिरवे, निळे. पळाया लागला का आंगातनं सुटत्यात. तुमाला दिसत नाय?"

आम्हाला काहीच दिसत नव्हतं. पांढरी जर्सी ती पांढरीच.

"मलाच दाखवतोय मग," आई म्हणाली. तिचा चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता इतका शांत होता. "सुटला गं माझा पोरगा. सुटला."

त्या संध्याकाळी तिनं तांदळाची अख्खी भाकरी खाल्ली आणि वर कालवण मागून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. ऋषी मात्र ताटात बोटं फिरवत बसला होता. नंतर त्यानं मला अंगणात नेलं.

"ताई, ते मशीनचं हाय. चाकाचं. नजर हलली का काहींच्या डोळ्यांना रंग सुटे सुटे दिसतात. आईचे डोळे तसले हायत. काळ्यावर पांढरं असलं का जास्तच."

"मग?"

"मग काय? हे परत करायचं. काचवाल्यात असं होत नाय."

"हेच ठेवायचं," मी म्हटलं. "इतके दिवस काळा अंधार, काळा अंधार करून माझे कान किटवलेस, आता कशाला मागे फिरतोस? ती जेवली आज."

"आईला फसवायचं?"

"हो, फसवायचं. मी फसवते. तू नुसता गप्प रहा."

तो आत निघून गेला. मला त्याचा राग आला होता, कारण त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी आईनंच विचारलं, "लावतोस ना रं?" आणि आमच्या आधी जिना चढून गेली. तीच मॅच लागली. आज तिची नजर जरा मोकळी झाली होती. मैदान बघत होती, दिवे बघत होती, जगूच्या मित्रांना नावानं ओळखत होती. तेवढ्यात चौकार गेला. पांढऱ्या शर्टातला अंपायर हात हलवत पुढे आला.

आई पुढे वाकली.

"संतोषलाबी रंग हायत," ती म्हणाली.

अंपायर म्हणजे आमच्याच आळीतले संतोषकाका. आदल्याच दिवशी ओटीवर बसून चहा पिऊन गेलेले.

भिंतीवर संतोषकाका हात हलवत होते.

"संतोष तर जिता हाय," आई म्हणाली. मग ऋषीकडे न बघताच तिनं विचारलं, "मशीनचं हाय ना रं?"

माझ्या तोंडात खोटं तयार होतं. जीभ उचलली नाही. ऋषी म्हणाला, "व्हय, आई."

तिनं मान हलवली. मला वाटलं आता ती उठेल, खाली जाईल आणि पुन्हा कधी वर येणार नाही. ती उठली नाही.

"दुसरं लाव."

वायर लावायलाच ऋषीला किती वेळ लागला. मग पुन्हा तेच मैदान, तोच जगू. चेंडू अडवला, फेकला, पँटला हात पुसले आणि कुणाकडे तरी बघून हसला. त्याच्याभोवती काहीसुद्धा नव्हतं.

"ह्यात अंधार राखाडी दिसतो," ऋषी अपराध्यासारखा म्हणाला.

"मला काय अंधार बघायचाय?" आई म्हणाली. "हेच घे."

ती बराच वेळ बघत राहिली. डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत.

"नाय सुटला तर नाय सुटला," ती म्हणाली. "हितंच ऱ्हाऊ दे त्याला, त्याच्या खोलीत. पितरांत पान ठेवशील, तवा कावळ्याला हाका मारू नको, ऋषी."

मला रडू आवरेना. तिला दिसू नये म्हणून मी खिडकीवरच्या गोधड्या काढायला उठले.

"बस गं खाली," आई म्हणाली. "त्याची बॅटिंग यायचीय अजून."