बारवरची बरणी

आमच्या बारवर एका वेळी एकच बरणी असते. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. व्हिनेगरमधली अंडी संपली की ती मोठी काचेची बरणी धुवायची, तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर नाव लिहायचं. कुणाचं घर जळालं, कुणाला कर्करोग झाला, कुणी ट्रॅक्टरखाली सापडला, की त्याचं नाव. मग येणारे-जाणारे तीत त्याच्यासाठी पैसे टाकतात. दोन बरण्या शेजारी ठेवल्या तर माणसं कुणाची गरज मोठी ते मोजत बसतात आणि पाकीट खिशातच राहतं, असं सासरे म्हणायचे. सासऱ्यांशी माझं कधी पटलं नाही, पण बारचं त्यांना कळत होतं.

यंदा फेब्रुवारीत त्या पट्टीवर मी माझ्या भाचीचं नाव लिहिलं. मारेन.

काही लोकांना ते आवडलं नाही. ना आजारी, ना घर जळालेलं. धडधाकट एकवीस वर्षांची मुलगी, आणि तिला ढोल वाजवायला पैसे हवेत! आमचं रोजचं गिऱ्हाईक स्टब तर तोंडावर म्हणाला, "बर्डी, उन्हाळ्यात घाम गाळायला मला माझा मालक पैसे देतो. ही उलटे देणार?" स्टबचं एक बोट करवतीत गेलंय, जीभ मात्र शाबूत आहे.

पण तो म्हणत होता ते खरंच होतं. ड्रम कोअर म्हणजे तेच. दीडशे पोरं तीन महिने बसमधून राज्याराज्यांत फिरतात, शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपतात, दिवसभर उन्हात पावलं मोजत वाजवतात आणि संध्याकाळी स्टेडियममध्ये अकरा मिनिटांचा कार्यक्रम करतात. त्यासाठी प्रत्येकाने पाच हजार आठशे डॉलर भरायचे. मी स्वतः १९७९ साली आमच्या गावच्या कोअरमध्ये झांजा वाजवल्या आहेत. तेव्हा वर्गणी दहा डॉलर होती. बाकीचं युद्धावरून परतलेले म्हातारे त्यांच्या हॉलच्या कमाईतून भरायचे. ते म्हातारे गेले, हॉल गेला, कोअर गेला. आता ज्याच्या बापाकडे पैसा त्याच्या हातात काठ्या. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

मारेनचा बाप कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तिची आई, म्हणजे माझी बहीण, नव्या नवऱ्याबरोबर ॲरिझोनात. पोरगी बाराव्या वर्षापासून माझ्याकडे, बारच्या वरच्या खोलीत. लोखंडी पलंगावर सरावाची रबराची थाळी ठेवून ती रोज सकाळी दोन तास वाजवायची आणि खाली माझे ग्लास थरथरायचे. प्लोव्हर्स नावाच्या कोअरसाठी तिने तीन हिवाळे परीक्षा दिली. दोनदा नापास. तिसऱ्यांदा, गेल्या डिसेंबरात, तिला घेतलं. स्नेअर ड्रमच्या नऊ जणांच्या रांगेत डावीकडून तिसरी. ती जिना उतरून आली आणि नुसती तीन बोटं दाखवत उभी राहिली. मी रडले. मी सहसा रडत नाही.

आणि हाच तिचा शेवटचा उन्हाळा होता. कोअरमध्ये एकवीस वर्षांपर्यंतच घेतात. पुढच्या उन्हाळ्यात ती बावीसची असणार, म्हणजे दार बंद, कितीही चांगलं वाजवा. यंदा नाही तर कधीच नाही.

एकोणचाळीसशे तिचे तिने भरले. पहाटे वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम, आणि आठवड्यातून दोनदा ला क्रॉस शहरात जाऊन रक्तातला प्लाझ्मा विकणं. दोन्ही कोपरांच्या आत काळे-निळे डाग. मी ते डाग बघून तोंड फिरवायचे. माझ्याकडे असते तर मी दिले असते, पण जानेवारीत तळघरातली घर तापवायची भट्टी फुटली आणि माझ्या क्रेडिट कार्डावरची सगळी उधारी नव्या भट्टीत गेली. राहिले एकोणीसशे, दहा मेच्या आत.

ते आणायचे शुक्रवारी. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या, शुक्रवारी अख्खं गाव आमच्याकडे तळलेले मासे खायला येतं आणि मासे खाऊन झाले की मांसाची सोडत. डॉलरला एक तिकीट, लाकडी चाक फिरवायचं, ज्याचा नंबर त्याला डुकराचा खांदा नाही तर बेकन. बरणी कुणासाठी असेल तर जिंकणारा ते मांस घरी नेत नाही, परत टेबलावर ठेवतो, म्हणजे त्यावर पुन्हा तिकिटं विकता येतात. न सांगता सगळे पाळतात. मांस एर्विनचं. एर्विन आमचा खाटीक. बेचाळीस वर्षं दुकान चालवलंय त्याने, आणि कुठल्याही बरणीसाठी त्याने मांसाचा एक पैसा घेतलेला नाही. मारेनसाठीही नाही. "ढोल तर ढोल," तो म्हणाला. "पोरगी काहीतरी मागतेय हेच खूप झालं. इथली पोरं मागायचंसुद्धा विसरलीत."

ईस्टरपर्यंत अकराशे जमले. ईस्टर झाल्यावरही मी दोन शुक्रवार वाढवून घेतले. त्यातल्या पहिल्यानंतर बरणीत बाराशे चाळीस झाले; सहाशे साठ राहिले होते आणि शेवटचा शुक्रवार होता.

त्याच आठवड्यात मंगळवारी एर्विन सॉसेज घेऊन मागच्या दाराने आला. खोकं ठेवलं आणि गेलाच नाही.

"लोइसच्या पोटात गाठ निघाली," तो म्हणाला. लोइस त्याची बायको. "स्वादुपिंडात."

"अरे देवा. आणि विमा?"

"दुकानदाराचा विमा, बर्डी. दहा हजार आधी आपण घालायचे, मग ते उघडतात." त्याने हात ॲप्रनला पुसले. ते स्वच्छच होते. "कुणाला बोलू नकोस इतक्यात. तिच्या बहिणीला अजून कळायचंय."

मी बोलले नाही. त्याने नको म्हटलं म्हणून नाही बोलले, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बोलले असते तर पट्टी बदलावी लागली असती. एकच शुक्रवार, मी म्हटलं. शनिवारी सकाळी मी स्वतः लोइसचं नाव लिहीन.

पण हे साडेसहाशे वस्तीचं गाव आहे. गुरुवारी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. शुक्रवारी लोक आले, मासे खाल्ले, कोबीची कोशिंबीर खाल्ली, ब्रँडी प्यायले, आणि बरणीकडे बघून दुसरीकडे बघू लागले.

"बर्डी," स्टब हळू म्हणाला, "पट्टीवरचं नाव जुनं झालंय."

"मला वाचता येतं."

"मग बदल की."

"तू मासे खा."

पहिल्या फेरीला तीस तिकिटं असतात. सात खपली. त्यातली चार एर्विनने घेतली होती. हो, तो आला होता. कबूल केलं होतं म्हणून खोकंभर मांस घेऊन आला होता, कोट न काढता बारच्या टोकाला बसला होता. मी चाक फिरवलं. त्याचाच नंबर आला. त्याने स्वतःच आणलेला डुकराचा खांदा उचलला, बघितला आणि परत टेबलावर ठेवला. मग वीसची नोट काढून मारेनच्या बरणीत टाकली.

मारेन स्वयंपाकघरातून माशांच्या टोपल्या घेऊन बाहेर आली तेव्हा ती नोट अजून वरतीच होती.

"काय झालं? कुणी बोलत का नाहीये?"

शेवटी स्टबने सांगितलं, आणि त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी नीट शब्दांत सांगितलं. मारेनने टोपल्या ठेवल्या. माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

तिने नखाने पट्टीचं टोक उचललं आणि ती सोलून काढली. गल्ल्याजवळची चिकटपट्टी घेतली, नवी लावली, मोठ्या अक्षरांत लोइस लिहिलं. बरणी उपडी केली नाही. सगळे पैसे आतच. मग ती उचलून एर्विनपुढे ठेवली.

"अगं, नको," एर्विन म्हणाला.

"काका, नियम आहे."

असा कुठलाही नियम नाही. बरणी बदलताना आधीचे पैसे ज्याचे त्याला द्यायचे, हाच नियम आहे. मी ते ओरडून सांगायला हवं होतं. पण मंगळवारपासून गप्प बसलेलं माझं तोंड तेव्हाही उघडलं नाही. दुसऱ्या फेरीची तीसही तिकिटं दोन मिनिटांत खपली.

शनिवारी बटाटे सोलताना मात्र मी भांडले.

"निदान आपले आपण ठेवायचे! साडेबाराशेच्या वर डॉलर! रक्त विकलंस ना तू?"

"सगळे भरले तरच जागा, मावशी. अर्धे भरून काय? राहिलेले कुठून आणणार होतीस?"

"आणले असते."

"कुठून?"

मी बटाटा सोलत राहिले. तिने कोअरच्या खजिनदाराला मुदत मागून बघितली होती. फार गोड उत्तर आलं होतं. नेब्रास्काची एक मुलगी राखीव यादीत होती आणि तिचे सगळे पैसे आले होते. मारेनने आधी भरलेले एकोणचाळीसशे परत मिळणार नव्हते. करारात लिहिलं होतं, म्हणे.

जुलैत मारेनने फोनवर एक कार्यक्रम बघितला, फ्रायरजवळ उभी राहून. नेब्रास्काची मुलगी डावीकडून तिसरी होती. "बरी वाजवते," मारेन म्हणाली आणि तेलात मासे सोडले. रबराची थाळी मेपासून पलंगाखाली आहे. माझे ग्लास आता थरथरत नाहीत. त्या शांततेचा मला वीट आलाय.

लोइस जुलैच्या शेवटच्या रविवारी गेली. बरणी चौदा शुक्रवार भरत होती, आणि काही उपयोग झाला नाही.

ऑगस्टात कोअरची अंतिम स्पर्धा शनिवारी संपली. त्यानंतरच्या सोमवारी बार बंद असताना एर्विन मागच्या दाराने आला. हातात बरणी. तिच्यावर लोइसच्या नावाची पट्टी तशीच होती. तो बराच वाळला होता, कॉलरमधून मान सैल दिसत होती.

"विम्याने हात वर केले. बिल दोन लाख अकरा हजारांचं आलं," तो म्हणाला. "दुकान विकतोय. यातलं तिथे काय लागणार? समुद्रात तांब्या ओतल्यासारखं." त्याने बरणी मारेनपुढे सरकवली. "लोइसने बजावलं होतं. पोरीचे पैसे पोरीला द्यायचे. स्टब म्हणाला, एकोणीसशे हवे होते. मी मोजले. बरोबर एकोणीसशे आहेत. उरलेले दफनाला लागले."

मारेनने बरणीला हात लावला नाही.

"आता पुढच्या उन्हाळ्यात जा," एर्विन म्हणाला. "यंदा आमच्यामुळे राहिलं. ते मला फार लागून राहिलंय, सांगतो तुला. पण पुढचं वर्ष कुठे पळून जातंय?"

वयाचं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं. मारेनने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, जोरात.

"जाईन, काका," ती म्हणाली.

एर्विनचा चेहरा मोकळा झाला. एप्रिलनंतर मी तो असा पहिल्यांदाच पाहिला. त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"मी येईन बघायला. कुठेही असू दे, गाडी घेऊन येईन. आता मला काय काम?" मग त्याला काळजी वाटली. "पण दीडशे पोरं, सगळ्यांचे कपडे सारखे. तुला ओळखू कसं?"

"ढोलांच्या रांगेत," मारेन म्हणाली, "डावीकडून तिसरी."