टोक शटलमध्ये गेले असावे

मी एक शिलाई मशीन बोलतेय. वय शंभरच्या घरात, अंग ओतीव लोखंडाचं, स्वभाव तिरसट. एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. व्हर्लीन स्टकीची शेवटची गोधडी अवकाशात गेली नाही, त्याचं कारण माझ्या पोटात होतं. मला ते पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. पण मला बोलता कुठे येतं? आणि माझं दुखणं ज्याला न सांगता कळायचं, त्याला तोवर घरी पाठवलं होतं.

माझा जन्म अमेरिकेत, उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. तरुणपणी मी जॉर्जियात घोड्यांची खोगिरं शिवली. मग युद्ध आलं, तेव्हा पॅराशूटचे पट्टे शिवले. युद्ध संपलं तसं कुणी विचारेना, आणि एका गोदामात मी वर्षानुवर्षं धूळ खात पडले. एक दिवस फ्लोरिडातल्या केपवरून, म्हणजे अवकाशयानं उडतात त्या तळावरून, दोन माणसं आली. त्यांना बोटभर जाडीचं कापड शिवायचं होतं, आणि नव्या चकचकीत मशिनी त्यापुढे हात टेकत होत्या. मला बघून त्यातला एक म्हणाला, "ही म्हातारी चालेल." म्हातारी म्हटल्याचा राग आला, पण गेले.

तिथे माणसांना अवकाशात नेऊन परत आणणारी यानं होती. त्यांच्या इंजिनांभोवती आगीपासून बचाव म्हणून गोधड्या लावाव्या लागत. वर-खाली काचेच्या धाग्याचं पांढरं कापड, मध्ये पांढरा तंतू भरलेला. प्रत्येक उड्डाणानंतर त्यातल्या काही करपून येत, आणि त्या जागी नव्या शिवायच्या. एवढ्या मोठ्या विज्ञानाच्या कारखान्यात आमची खोली म्हणजे शिंप्याचं दुकान. सहा बाया, सहा मशिनी, आणि त्यांतल्या ओडेसाच्या पिशवीतल्या उकडलेल्या शेंगांचा वास. खोलीत खायला बंदी होती, म्हणून शेंगा दाराबाहेर उभं राहून खायच्या आणि हात धुऊन आत यायचं.

माझ्यावर व्हर्लीन बसायची. जवळच्या मिम्स गावची, उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. चोवीस वर्षं बसली. ती रुजू झाल्यापासून एकही उड्डाण असं गेलं नाही, की ज्यात तिची एक तरी नवी गोधडी नव्हती. गोधडीवर नाव घालायचं नसे. कोपऱ्यात फक्त आपल्या नंबराचा शिक्का. व्हर्लीनचा दोनशे सतरा. अंतराळवीरांची नावं जगाला पाठ असायची. दोनशे सतरा कोण, ते खोलीतल्या पाच जणींना माहीत होतं. तिला तेवढं पुरत होतं.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगायला हवी. खालचा दोरा ज्या तुकड्यात बसतो, त्याला शटल म्हणतात. कुठल्याही शिंप्याला विचारा. आणि बाहेर त्या यानालाही जग शटलच म्हणायचं. यावरून ओडेसा रोज चेष्टा करायची, "व्हर्लीन, अगं तुझं शटल कुरकुरतंय. बघ हं, नाहीतर ते मोठं शटल उडायचं नाही." माझं शटल कुरकुरलं, की ड्युई यायचा. ड्युई आमचा दुरुस्तीवाला. माझं पोट उघडायचा अधिकार फक्त त्याचा, सही-शिक्क्यासकट. बाकी कुणी स्क्रूला हात लावला, तरी तो तक्रार लिहायचा. मला त्याचे तेलकट हात फार आवडायचे.

मग सगळं बंद होणार असं ठरलं. तीस वर्षं चाललेली उड्डाणं थांबणार, आणि पुढे काय हे कुणालाच सांगता येईना. माणसं गटागटाने कमी होऊ लागली. शुक्रवारी यादी लागायची, सोमवारी खुर्च्या रिकाम्या. ड्युईचं नाव मार्चच्या यादीत होतं. जाताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि व्हर्लीनला म्हणाला, "हिला जपून चालव. आता हिला डॉक्टर नाही."

शेवटच्या उड्डाणासाठी व्हर्लीनकडे एकच गोधडी आली. तिने ती अशी शिवली, की तपासणाऱ्या बाईने भिंग खाली ठेवलं आणि म्हणाली, "यात मी काय तपासू?" शेवटची शिवण उरली होती, जेमतेम वीतभर. तिथे सुई मोडली.

आमच्याकडे सुई मोडली, की सगळं थांबतं, कारण तुकडा गोधडीत राहून चालत नाही. मोडलेल्या सुईचे तुकडे शोधून कागदावर चिकटवायचे, जोडून पूर्ण सुई दिसली पाहिजे. व्हर्लीनला दोन तुकडे मिळाले. टोक मिळेना. तिने टेबल, फरशी, स्वतःचा एप्रन चाचपला, लोहचुंबक फिरवलं. माझी वरची पट्टी सरकवून डोकावली, तेही जमेल तेवढंच. टोक तिथून खाली घसरून माझ्या शटलच्या मागे, तेलात जाऊन बसलं होतं. मला ते टोचत होतं.

ओडेसा जवळ आली, आवाज खाली करून म्हणाली, "तिळाएवढं टोक गं. दुसऱ्या सुईचं टोक लाव कागदावर. कोण मोजतंय आता?"

"मी मोजतेय," व्हर्लीन म्हणाली.

"शेवटची आहे ही. ही गेली नाही, तर शेवटच्या उड्डाणात तुझं काहीच नसेल."

"माहितीये मला, ओडेसा."

तिने कागद भरला. घाईत, पण स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'टोक शटलमध्ये गेले असावे. शटल उघडून पाहावे.' आणि वरच्या मजल्यावर पाठवून दिला.

वर जुनी माणसं उरली नव्हती. कुठूनसा बदलून आलेला एक नवा साहेब होता. त्याने 'शटल' वाचलं आणि त्याला घाम फुटला. यानात सुईचं टोक! फोन झाले, तिकडे तळावर यानाचं काम अर्धा दिवस थांबलं. आणि पहिला हुकूम निघाला तो गोधडीचा. संशयित माल चुकूनही वापरला जाऊ नये, म्हणून तो लगेच कापून टाकायचा असा नियम. दोन माणसं आली, लाल चिठ्ठी लावली आणि व्हर्लीनच्या डोळ्यांदेखत गोधडीचे चार तुकडे केले. आत काही सापडलं नाही. कसं सापडणार?

मग साहेब स्वतः खाली आला. "बाई, यानात कुठल्या भागात पडलं टोक?"

"यानात? यानात कशाला पडेल? अहो साहेब, हे शटल." तिने माझ्या अंगावर हात ठेवला. "या मशिनीचं."

साहेबाने वाकून मला पाहिलं. "मशीनमध्येही शटल असतं?"

"तीस वर्षं इथे सगळ्यांना माहीत होतं," ओडेसा म्हणाली.

"मग उघडून दाखवायचं होतं ना!"

"मला परवानगी नाही," व्हर्लीन म्हणाली. "ज्याला होती, त्याला तुम्ही मार्चमध्ये घरी पाठवलंत."

साहेब वाईट माणूस नव्हता. तो दोनदा "सॉरी" म्हणाला. पण कापलेली गोधडी सॉरीने जोडली जात नाही. गोदामातली दुसरी, कुणा दुसऱ्याच्या शिक्क्याची गोधडी गेली. आणि कागदावरच्या 'टोक सापडले' या चौकटीपुढची जागा कोरीच राहिली. त्याची गुलाबी प्रत, वर चिकटवलेल्या सुईच्या दोन तुकड्यांसकट, व्हर्लीनने घडी करून पर्समध्ये ठेवली.

जुलैतल्या एका शुक्रवारी शेवटचं उड्डाण होतं. सकाळी सगळे बाहेर मैदानात गेले. व्हर्लीन गेली नाही. माझ्यासमोर बसून राहिली. आधी काचा थरथरल्या, मग माझं सगळं लोखंड थरथरलं. मैदानात लोक ओरडत होते, रडत होते. व्हर्लीनने माझ्या चाकावर हात ठेवला होता, तो आवाज विरेपर्यंत काढला नाही. म्हणाली, "गेलं. माझ्याशिवाय गेलं." मला त्या क्षणी भंगारात जावंसं वाटलं.

पंधरा दिवसांनी तिने आपला शिक्का परत केला. मला बोटींची कापडं शिवणाऱ्या एका दुकानाने उचललं. बंदराजवळचं दुकान, हवेत मीठ. तीन वर्षं मी छतं आणि सीटची कव्हरं शिवली. टोक पोटातच होतं. अखेर मी अडले, चाक फिरेना. मालकाने दुरुस्तीवाल्याला बोलावलं, आणि दारातून ड्युई आत आला. आता मासेमारीच्या बोटींची इंजिनं आणि सापडतील त्या मशिनी दुरुस्त करत फिरतो. मला पाहून म्हणाला, "अरेच्चा! म्हातारे, तू?" या वेळी राग आला नाही.

त्याने पोट उघडलं. चिमट्याने टोक काढलं, उजेडात धरलं, आणि व्हर्लीनला फोन लावला.

ती आता एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथून तशीच आली, केसांवर जाळी. ड्युईने टोक तिच्या तळहातावर ठेवलं.

"म्हणजे माझी गोधडी चांगली होती," ती म्हणाली.

"चांगलीच होती."

"उडायला हवी होती ती."

"हो, व्हर्लीन. उडायला हवी होती."

तिने पर्समधून गुलाबी कागद काढला. घड्यांवर फाटायला आलेला. टोक चिकटवलं. सुई पूर्ण झाली. ड्युईने चौकटीपुढे 'होय' लिहिलं, सही केली, तारीख घातली. जुनी सवय, त्याने कागद जमा करायला हात पुढे केला, आणि मग त्यालाच कळेना तो न्यायचा कुठे.

"कोण घेईल हा आता?" व्हर्लीनने विचारलं.

"कुणी नाही गं," ड्युई म्हणाला. "ते ऑफिसच नाही."

तिने कागद पुन्हा घडी करून पर्समध्ये ठेवला. मग शाळेची जेवणाची वेळ झाली म्हणून गेली.

म्हणून मी तुमच्याकडे आले आहे. माझी दुसरी काही मागणी नाही. मला तेल नको, संग्रहालय नको. फक्त एवढं लिहून घ्या: टोक सापडलं. ते माझ्या पोटात होतं. दोनशे सतरा नंबरच्या शिक्क्याच्या गोधडीत काहीही दोष नव्हता. लिहून घेतलंत? मग खाली तुमची सही करा.