भैरवी जेवल्यावर

प्रेमलताच्या गळ्यातल्या पासवर ‘रुग्णाची बहीण’ असं निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. खोटं होतं ते, पण इतकं जुनं की बोलताना आताशा तिची जीभही अडखळत नसे. चोवीस वर्षांपूर्वी हिंगण्याच्या कंपनी-बसमध्ये शेजारी बसणाऱ्या ती आणि भैरवी या दोघी प्रताप नगरात दोन खोल्या बघायला गेल्या, तेव्हा घरमालकीण यमुताईंनी विचारलं होतं, तुम्ही एकमेकींच्या कोण? भैरवी पटकन म्हणाली, बहिणी. झालं. तेव्हापासून गॅसवाल्यापासून हळदीकुंकवाच्या बायांपर्यंत सगळ्यांसाठी त्या बहिणी. घरात त्या काय होत्या ते देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला ठाऊक होतं, आणि त्यानं कधी तक्रार केली नाही.

प्रेमलताचा एक नेम होता. भैरवी जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. त्या खोल्यांत पहिल्यांदा चूल पेटली त्या दिवशी देवापुढे पाणी सोडून तिनं तो धरला. भैरवी चिडवायची, “मोठी आली सावित्री.” चिडवायची, पण बाहेरून यायला उशीर होणार असला की हातातलं टाकून आधी दोन घास खाऊन घ्यायची आणि फोन करायची, “जेवली मी. जेव आता तू.”

भैरवीला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा दवाखान्यात पहिल्याच खिडकीवर नातं विचारलं. रोग्याजवळ एकच माणूस राहील आणि तेही जवळच्या नात्यातलं, असा नियम. पुन्हा तेच उत्तर. आणखी कोणी भावंडं? नाही, आम्ही दोघीच.

केमोचे दोन फेरे झाल्यावर डॉक्टर रितिका पोफळी खुर्ची ओढून बसल्या. वयानं लहान, बोलायला गोड. म्हणाल्या, औषधानं दबलंय, पण तेवढ्यानं भागणार नाही, दुसऱ्याचा बोन मॅरो द्यावा लागेल. सख्ख्या भावंडाचा जुळण्याची आशा सगळ्यात जास्त. मग प्रेमलताकडे बघून हसल्या. बरं झालं, बहीण इथंच आहे. उद्या सकाळी रक्त द्या, पंधरा दिवसांत कळेल.

त्या गेल्या. मारोतरावांचं नाव दोघींच्या मनात होतं, घेतलं कोणीच नाही. भैरवीचा हा सख्खा भाऊ काटोलकडे राहायचा. बापाच्या तेराव्याला दोघी गेल्या, तेव्हा त्यानं अंगणातूनच परतवून लावलं होतं.

“देऊन टाक रक्त,” शेवटी भैरवी म्हणाली. “नाही जुळलं तर नाही जुळलं. कोणाले काय समजते?”

“अन् पंधरा दिवस वाया जातीन, त्याचं?”

“दादाले बोलावलं तर हा पास त्याच्या गळ्यात जाईन. मंग मी कोणाचं तोंड पाहू वं?”

प्रेमलतानं उशी नीट केली आणि जपाची माळ काढली. त्या दिवशी माळ तिसऱ्यांदा ओढूनही मन मण्यावर थांबेना.

सकाळी ती रक्त द्यायला बसली. दंडाला रबरी पट्टी आवळली गेली, शीर फुगली. तेव्हा तिनं डाव्या हातानं पट्टी सोडली, काढून टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली.

“मी बहीण नाही तिची,” ती म्हणाली. “तिचा सख्खा भाऊ आहे, जिवंत. नंबर देते.”

डॉक्टरांना आधी आनंदच झाला, भाऊ सापडला म्हणून. मग त्यांनी मान वर केली. तुम्ही कोण? प्रेमलतानं सांगितलं. चोवीस वर्षं एका चुलीवर, एका छपराखाली, नवराबायको राहतात तशा. असं ती आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. स्वतःचेच शब्द तिला दुसऱ्या कोणाचे तरी वाटले.

डॉक्टरांनी मान हलवली. वाईट काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं,

“म्हणजे भावाशिवाय घरचं असं कोणीच नाही त्यांना?”

प्रेमलता त्यांच्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी फाइल उघडली, ‘बहीण’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि पेन तसंच धरून बसल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, “इथं काय लिहायचं, ते आम्हाला कोणी शिकवलं नाही, ताई.” ती जागा कोरीच राहिली.

मारोतराव आले. मुकाट्यानं रक्त दिलं, सह्या केल्या, पास गळ्यात घातला. आणि त्यांचा मॅरो जुळला. भैरवीनं मात्र रागानं प्रेमलताचा फोन घेणं बंद केलं. डॉक्टरांनी दुसऱ्या पासासाठी अर्ज लिहून दिला होता. नातं कोणतं, असा शेरा मारून ऑफिसनं तो परत पाठवला. डॉक्टरांनी पुन्हा लिहिला.

तोवर प्रेमलताची जागा खाली, औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर. रोज अकराला मुगाची खिचडी, नीट शिजवलेली, उकळत्या पाण्यातून काढलेल्या डब्यात. मारोतराव खाली येत, डबा दोन बोटांनी उचलत, बोलत नसत. दुपारी रिकामा डबा आला की तिला कळे, जेवली. मग ती आपल्या पोळीची पुरचुंडी सोडी. वरच्या पाच मजल्यांतली कोणती खिडकी भैरवीची, ते तिला खालून कधीच ओळखता आलं नाही.

मॅरो देण्याआधीचा जबर डोस सुरू झाला, त्याच्या सहाव्या दिवशी दोन वाजले, तीन वाजले, डबा आला नाही. ती बसून राहिली. चारच्या सुमारास मारोतराव आले आणि या वेळी समोर उभे राहिले.

“तोंड आलं आहे तिले, पाणीबी उतरत नाही. नको म्हटलं तरी एक घास गिळला, अन् डबा खाली नेऊन दे म्हणे, लवकर. काहून एवढी घाई, मले तं नाही समजलं.”

डबा तिच्या हातात देऊन ते जिन्याकडे गेले.

प्रेमलतानं झाकण काढलं. खिचडी भरली होती तशीच होती, फक्त एका कडेला चमच्याएवढा खड्डा. तिनं डोळे मिटून हात जोडले. मग पिशवीतून चमचा काढला आणि त्या खड्ड्यापासून जेवायला सुरुवात केली.