चार गिअर मागे, एक पुढे

इंजिनाची गोष्ट सगळेच सांगतात. ते किती ताकदीचे, किती वेगाचे, झाकण उघडले की कसे चकाकते, हे ऐकून ऐकून मी विटलो आहे. मी गिअरबॉक्स आहे. जुना आहे. एका छोट्याशा जुन्या मोटारीच्या पोटात, मागच्या सीटच्या पाठीमागे, अंधारात राहतो. माझी गोष्ट कोणी आपणहून सांगणार नाही हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून मित्रांनो, ती मीच सांगतो. थोडी बढाई झाली तर खपवून घ्या.

आमच्या गाडीचे इंजिन मागे असते, आणि मी त्याला चिकटून पुढे. इंजिन भराभर फिरते, पण त्या नुसत्या फिरण्यात चढ चढण्याचे बळ नसते. ते फिरणे मी हातात घेतो, हळू करतो, जोरकस करतो आणि चाकांना देतो. पुढे जायला माझ्याकडे चार गिअर आणि मागे यायला एक. इंजिन बोंबलते, काम मी करतो. हे मी इंजिनाच्या तोंडावरही म्हणालो असतो, पण त्याच्या आवाजात त्याला ऐकू कुठे जाते!

कारखान्यातून निघालो तो थेट एका सुईणबाईंकडे आलो. बाईंचे घर एका उभ्या चढाच्या माथ्यावर होते. रस्ता इतका अरुंद की मधल्या वळणावर मोठ्या गाड्या अडकून बसत आणि शिव्या खात परत जात. आम्ही मात्र सुळकन वळायचो. बाईंना कुठूनही, वेळी-अवेळी बोलावणे येई. त्या पिशवी सीटवर टाकत, पहिला गिअर टाकत, आणि आम्ही निघायचो. त्या भागातली निम्मी माणसे माझ्या भरवशावर जन्माला आली आहेत. त्यांतले कोणी मला ओळख दाखवत नाही, ते सोडा. गाडी वेळेवर पोहोचली की लोक बॉनेट थोपटत आणि म्हणत, "काय इंजिन आहे!" आमच्या गाडीच्या बॉनेटखाली नुसते स्टेपनीचे चाक आहे, हेही त्यांना माहीत नव्हते.

एका दुपारी त्याच वळणावर इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. गाडी ढकलत वर आणली, ताडपत्री घातली, आणि तीन वर्षे कोणी ती काढली नाही. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. माझ्यातले तेल घट्ट होऊन तळाशी बसले. इंजिन मेले म्हणून सगळे हळहळले. मी जिवंत आहे का, हे मात्र कोणी विचारले नाही.

बाईंचे गुडघे याच तीन वर्षांत गेले. गाडी नाही म्हणजे खाली जाणे नाही, आणि चढ तर पायी शक्यच नाही. बाईंचा मुलगा शहरात नोकरीला होता. तो दर रविवारी येई आणि एकच विषय काढी. ताडपत्रीखालून मला सगळे ऐकू यायचे.

"आई, गुडघे तुझे असे, रस्ता हा असा. इथे एकटी राहून काय करणार आहेस? आमच्याकडे खोली तयार आहे."

"खोली चांगलीच असेल रे. पण साधं मीठ संपलं तरी तुलाच हाक मारायची ना मी? इथे गाडी सुरू झाली की मी माझी जाईन, माझी येईन."

"तीन वर्षं हेच ऐकतोय. आणि नाही झाली सुरू तर?"

बाई म्हणाल्या, "या महिनाअखेरपर्यंत नाही झाली, तर येईन तुझ्याकडे. शब्द आहे माझा."

बाईंचा शब्द म्हणजे शब्द. तो मोडायची त्यांना सवयच नव्हती. त्यांचे घर आता आमच्या चार चाकांवर येऊन थांबले होते.

मग आमच्या अंगणात दोन माणसे कामाला लागली. एक बाईंचा धाकटा भाऊ. वय सहासष्ट, तरी सगळी गल्ली त्याला छोट्या म्हणे. त्याने बस डेपोत चाळीस वर्षे फिटर म्हणून काढली होती. दुसरी बाईंची सून. ती कारखान्यात लेथवर टर्नर. धातूतला केसाएवढा फरक तिला बोटाने कळे. नवऱ्याचा राग मात्र कळूनही कळत नसे. "तुमची आई शब्दाची पक्की आहे, म्हणून तर गाडी सुरू करायला हवी," एवढे नवऱ्याला सांगून ती पाने-पक्कड घेऊन आली.

छोट्याने कुठल्याशा चेपलेल्या नव्या गाडीचे इंजिन मिळवून आणले. वजनाला निम्मे, ताकदीला दुप्पट. त्याची बोल्टची भोके एकीकडे, माझी दुसरीकडे. सुनेने आमच्या दोघांच्या मध्ये बसेल अशी जाड पोलादी जोडपट्टी लेथवर काढली. ती इतकी नेमकी होती की बोल्ट बोटांनीच आत गेले. छोट्याने लांबी मोजली, क्लच मोजला, माउंटिंग मोजले. मोजायचे म्हणून जे जे होते ते सगळे मोजले.

"मामा, बसवण्याआधी एकदा खालीच सुरू करून बघायचं?" सुनेने विचारले.

"छे! आमच्या डेपोचा नियम आहे. सुटं इंजिन जमिनीवर सुरू करायचं नाही. एकदा एक उडालं आणि फिटरचा पाय मोडला."

"कुठल्या फिटरचा?"

छोट्याने पाय मागे घेतला. "नियम म्हणजे नियम."

मित्रांनो, हा नियम लक्षात ठेवा. मला भंगारात घालायला तोच निघाला होता.

महिना संपायला सहा दिवस उरले आणि नवे इंजिन माझ्या मागे उभे राहिले. मुलगा बघायला आला तो रिकामे खोके आणि सुतळीचे रीळ घेऊनच. बाईंनी खोक्यांकडे पाहिले आणि त्या गाडीत बसल्या. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. आवाज तर असा की शेजारी भिंतीवरून डोकावले. समोर फाटक उघडे होते. बाईंनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

नुसती गेली नाही, धावली. पाण्याचा पिंप आडवा केला, कपड्यांची दोरी तोडली आणि ओली चादर मुलाच्या अंगावर टाकून त्याच्या पायाशी येऊन थांबली. बाईंनी दुसरा गिअर टाकून पाहिला. तोही मागेच. मग मागचा टाकला, तर गाडी पुढे! आता मागे जायला चार गिअर आणि पुढे यायला एकच. मुलगा चादरीतून बाहेर आला आणि हसत म्हणाला, "आई, आता तर गाडीच सांगतेय. मागे फिर."

बाई हसल्या नाहीत. छोट्याचा चेहरा पडला. त्याने माझ्या अंगावर पाना आपटला. "गिअरबॉक्स गेला ताई. तीन वर्षं पडून आतून उलटापालटा झालाय."

उलटापालटा! मी! मला जे मिळाले ते मी इमानाने पुढे दिले होते. अख्ख्या आयुष्यात मी दुसरे काही केलेच नव्हते. पण गाडीत काही बिघडले की ज्याला तोंड नाही त्याच्यावर खापर फुटते. दुसऱ्या दिवशी मला सोडवून बाहेर काढले आणि भंगारवाल्यासाठी फाटकाशी ठेवले. नव्या इंजिनाबरोबरचा गिअरबॉक्स आणावा, तर तो इतका लांब की गाडी कापावी लागणार. उरलेल्या दिवसांत ते होणारे नव्हते, हे सगळ्यांना कळत होते. आतून बाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. मुलगा एकेक भांडे कागदात गुंडाळत होता, आणि बाई त्याला अडवत नव्हत्या. त्या अडवत नव्हत्या याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

भंगारवाला यायच्या आधी सून माझ्याजवळ उकिडवी बसली. तिला माझी दया आली होती असे म्हणणार नाही. तिला पटले नव्हते, एवढेच. जुन्या इंजिनाच्या अंगावर ते कोणत्या बाजूने फिरते ते दाखवणारा बाण कोरलेला होता. तिने तो बाण पाहून घेतला, माझा इंजिनाकडचा दांडा त्याच बाजूने हाताने फिरवला, पहिला गिअर टाकला आणि माझे चाकांकडचे टोक कुठे वळते ते पाहिले. मग सगळे गिअर, एकेक करून.

"मामा, हा बरोबर आहे. चारही पुढेच जातायत. ते नवं इंजिन कुठल्या बाजूने फिरतं?"

"सगळी इंजिनं ज्या बाजूने फिरतात त्याच बाजूने. चाळीस वर्षांत मी दुसरं पाहिलं नाही."

"दाखवा."

"नियम..."

"बांधा त्याला हवं तर चारी बाजूंनी. पण एकदा फिरवा."

छोट्याने इंजिन दोरखंडाने बैलासारखे बांधले, पाय लांब ठेवला आणि नुसता स्टार्टर दिला. सुनेने पुलीवर खडूची रेघ मारून ठेवली होती. रेघ बाणाच्या बरोबर उलट गेली. छोट्याने पुन्हा स्टार्टर दिला. पुन्हा उलट. मग तो घरात जाऊन म्हणाला, "ताई, चूक माझी आहे. बिचाऱ्या गिअरबॉक्सची नाही."

ऐकलेत ना मित्रांनो? बिचाऱ्या हा शब्द मला आवडला नाही, पण बाकीचे वाक्य मी जपून ठेवले आहे.

उपाय माझ्याच पोटात होता. क्राऊन म्हणतात ते मोठे दातेरी चाक माझ्यात एका बाजूला बसते. ते काढून दुसऱ्या बाजूला बसवले की उलट्या फिरणाऱ्या इंजिनानेही गाडी पुढे जाते. माझी दोन्ही बाजूंची झाकणे सारखीच आहेत, त्यामुळे हे करता येते. छोट्याने मला उघडले. आयुष्यात प्रथमच माझ्या आत उजेड आला. त्याने विजेरी धरली, दातांवरून बोट फिरवले आणि सुनेला जवळ बोलावले.

"हे बघ. एवढी वर्षं याने दाताच्या या एकाच बाजूने ओढलंय. ही बाजू झिजून आरशासारखी झालीय. आणि ही दुसरी बघ."

"यावर तर कारखान्यातले कटरचे ओरखडेसुद्धा आहेत अजून!"

"उतारावर गाडी आवरायची, तेवढाच भार हिच्यावर यायचा. आता इंजिन उलटं, म्हणजे सगळं ओढायचं ते हिनेच." छोट्याने मान हलवली. "पण ही बाजू चढासाठी केलेली नसते गं. आवाज करील. टिकेल की नाही, सांगता येत नाही."

टिकेल की नाही! मला विचारले असतेत तर सांगितले असते. पण त्यांनी विचारले नाही. त्यांनी क्राऊन फिरवून बसवला, पातळ चकत्या घालून दातांमधली फट जुळवली, नवे तेल घातले, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी पुन्हा माझ्या जागी होतो.

मुलाने अट घातली. "अंगणात फिरवून दाखवू नका. खाली जायचं आणि चढ चढून वर यायचं. मी शेजारी बसणार. छोट्यामामा मागे बसेल. वळणावर थांबून पुन्हा निघायचं. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

खाली गेलो ते सहज. चढाच्या पायथ्याशी बाईंनी गाडी वळवली आणि दुसरा गिअर टाकला. खोटे कशाला सांगू, मला भीती वाटली. तीन माणसे, दुप्पट ताकदीचे दांडगट इंजिन, आणि माझ्या दातांची ती बाजू, जिने आजवर खरा चढ अनुभवलाच नव्हता. इंजिनाने जोर केला. मी तो घेतला आणि ओरडलो. हो, ओरडलो. एक लांब, चिरका सूर माझ्यातून निघाला आणि थांबेचना.

"हा तर रडतोय," मुलगा म्हणाला.

"रडणं मला कळतं," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर तेच ऐकलंय. हा कण्हतोय, आणि कण्हणारा काम करत असतो."

वळणावर त्या थांबल्या. गाडी पूर्ण उभी, तोंड वर, भार सगळा माझ्यावर. पहिला गिअर. क्लच हळूहळू वर आला. क्षणभर काहीच हलले नाही, आणि छोट्याने मागे बसून डोळे मिटून घेतले. मी दात रोवले. त्या कोऱ्या बाजूने मी इंजिनाची सगळी मस्ती धरली आणि चाकांना दिली. गाडी निघाली. एक तसूही मागे न घसरता, वळण घेऊन, सरळ वर.

अंगणात आल्यावर मुलगा गाडीतून उतरला. मग आत गेला आणि कागदात गुंडाळलेली भांडी सोडवू लागला. "कढई वरच्या फळीवर ना गं आई?" त्याने आतून विचारले. बाईंचे उत्तर मला ऐकू आले नाही. त्या अजून गाडीतच बसल्या होत्या. त्यांचा हात माझ्या गिअरच्या दांड्यावर होता.

याला आता दोन वर्षे झाली. मी अजून ओरडतो, चढावर जास्तच. शेजारी म्हणतात, एवढा आवाज करतो, तर बदलून का टाकत नाही? मित्रांनो, तुमच्याही घरी असे कोणी असेल, एखादे यंत्र, नाहीतर एखादे माणूस. त्याच्यावर खापर फोडण्याआधी त्याला उघडून पाहा, विचारून पाहा. त्याची कुठली बाजू वापरायचीच राहून गेली आहे, ते बघा. आणि माझी दया मुळीच करू नका. वेळेवर तेल घाला आणि रस्त्यातून बाजूला व्हा. बाईंना खालून मीठ आणायचे आहे, आणि परत येताना आम्हाला चढ चढायचा आहे.